टोकन देण्याआधी: प्लॉटच्या स्कीमचे कागद कोणत्या क्रमाने तपासायचे

दुय्यम निबंधक कार्यालयात सर्च घेणं, म्हणजे जमिनीचे जुने दस्त शोधून तपासणं, हे माझं रोजचं काम. आठवड्यात एखादा तरी माणूस फाइल घेऊन येतो आणि म्हणतो, "जरा बघा हो, सगळं बरोबर आहे ना?" फाइल उघडण्याआधी मी एकच विचारतो, पैसे दिलेत का? बहुतेक जण मान खाली घालतात.

कागद तपासतात सगळेच, पण टोकन, म्हणजे बुकिंगची पहिली रक्कम, दिल्यावर. मग त्या तपासणीचा उपयोग एवढाच की आपण फसलोय हे तारखेनिशी कळतं.

पुढचे टप्पे एका विशिष्ट जातीच्या स्कीमसाठी आहेत: एकरांनी जमीन घेऊन गुंठ्यागुंठ्याने विकणारी, 'फार्म हाऊस प्लॉट', 'प्री-लॉन्च', 'बायबॅक', 'दरमहा खात्रीचं भाडं' असे शब्द वापरणारी. क्रम बदलू नका. एका टप्प्यावर अडलात तर पुढच्या टप्प्यावर जायचं नाही.

## तयारी: बसमध्ये चढण्याआधी

रविवारी सकाळी मोफत बस निघते. वाटेत नाश्ता, साइटवर मांडव, पुलाव, गुलाबजाम, आणि माळावर फक्कीने आखलेले चौकोन. दुपारी दोनच्या सुमारास माइकवरून ओळीने नावं पुकारली जातात, 'अमुक साहेबांनी प्लॉट नंबर सतरा घेतला, टाळ्या!' त्या टाळ्यांमध्ये भले भले सही करतात. म्हणून साइट बघणं हा पहिला टप्पा नाही, पाचवा आहे.

आधी फोनवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर तीन गोष्टी लेखी मागा:

- गाव, तालुका, जिल्हा आणि गट नंबर (काही गावांत सर्व्हे नंबर)
- विकणाऱ्याचं, म्हणजे खरेदीखतावर 'लिहून देणार' म्हणून सही करणाऱ्याचं, पूर्ण नाव
- महारेराचा (रेरा कायद्याखालचं राज्याचं स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण) नोंदणी क्रमांक

"गट नंबर साइटवर आल्यावर देतो," असं उत्तर आलं तर जाऊ नका. गट नंबर ही काही गुप्त गोष्ट नाही. सातबारा कोणीही बघू शकतो.

## टप्पा १: स्कीम नक्की काय विकते आहे ते एका वाक्यात लिहा

कागद घ्या आणि लिहा: 'मी अमुक रुपये देणार, त्याबदल्यात मला ______ मिळणार.' रिकाम्या जागेत काय येतं त्यावर पुढचं सगळं ठरतं.

जमीन मिळणार. साधा खरेदी-विक्रीचा व्यवहार. टप्पा २ वर जा.

जमीन आणि ठरलेला परतावा मिळणार. इथे हिशोब करा. 'तीन वर्षांत दामदुप्पट बायबॅक', म्हणजे कंपनीच दुप्पट भावाने प्लॉट परत घेणार, याचा अर्थ वर्षाला जवळपास २६ टक्के चक्रवाढ. ज्याला असा धंदा खरंच जमतो, तो बँकेचं कर्ज काढून सगळा नफा स्वतःच ठेवेल. तुमच्या दारात गुलाबजाम घेऊन येणार नाही. दरमहा भाड्याचा हिशोब तर आणखी सोपा. १० लाख घेतले आणि महिन्याला दीड टक्का, म्हणजे १५,००० दिले, तर दोन वर्षांत ३ लाख ६० हजार परत आले. ते तुमचेच पैसे. तेवढ्या काळात तुम्ही मेव्हण्याला आणि शेजाऱ्याला स्कीममध्ये आणलेलं असतं, आणि नंतर भाडं त्यांच्या पैशातून येतं.

फक्त परतावा मिळणार, जमीन 'कंपनीच्या ताब्यात' राहणार. ही प्लॉटची खरेदी नाही, सामूहिक गुंतवणूक योजना आहे आणि तिला सेबीची, म्हणजे भांडवली बाजाराच्या नियामकाची, नोंदणी लागते. पीएसीएलचं उदाहरण अजून ताजं आहे. शेतजमीन घेऊन देतो, विकसित करतो असं सांगून या कंपनीने देशभरातल्या सुमारे ५ कोटी ८५ लाख लोकांकडून ४९,१०० कोटी रुपये गोळा केले. ऑगस्ट २०१४ मध्ये सेबीने पैसे परत करण्याचा आदेश दिला. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जमिनी विकून परतावा देण्यासाठी न्या. लोढा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमायला लावली. लोकांच्या हातात प्रमाणपत्रं होती. सातबाऱ्यावर नाव नव्हतं.

> तपासा: रिकाम्या जागेत 'अलॉटमेंट लेटर', 'मालकी प्रमाणपत्र', 'मेंबरशिप' किंवा 'युनिट' असा शब्द आला असेल तर तुम्ही जमीन घेत नाही आहात. इथेच थांबा.

## टप्पा २: सातबारा स्वतः काढा

एजंटने पाठवलेली पीडीएफ चालणार नाही. महाभूमीच्या संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो. सोबत ८-अ, म्हणजे खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनींचा खाते उतारा, काढा. सातबारा मोठ्या स्क्रीनवर उघडा, फोनवर 'इतर अधिकार' रकाना नीट वाचता येत नाही, आणि सगळी गोम त्याच रकान्यात असते.

भोगवटादार वर्ग. वर्ग १ असेल तर मालकाला विकण्याचा मोकळा हक्क आहे. वर्ग २ असेल तर सरकारी परवानगीशिवाय विक्री होत नाही. 'परवानगी आणतोय' म्हणाले तर ती आल्यावर फोन करा म्हणावं.

नावं आणि क्षेत्र. समजा क्षेत्र २० गुंठे आहे आणि भोगवटादार म्हणून एकमेकांशी काडीचा संबंध नसलेली अकरा आडनावं आहेत. हा आपल्याकडचा जुना फंडा. शेतजमिनीचा एकेक गुंठा तुकडेबंदी कायद्यामुळे (ठरलेल्या किमान क्षेत्राहून लहान तुकडे पाडायला तो मनाई करतो) स्वतंत्र विकता येत नाही, म्हणून दहा-अकरा अनोळखी माणसांना एकत्र करून एकच खरेदीखत करतात आणि सामायिक सातबारा देतात. प्रत्येकाला वाटतं माझा प्लॉट सात नंबर. कागदावर प्लॉटच नसतो, फक्त अविभक्त हिस्सा असतो. स्वतंत्र नकाशा नाही, स्वतंत्र कर्ज नाही, आणि उद्या विकायचं म्हटलं की उरलेले दहा जण शोधत फिरायचं.

तुकडेबंदीबद्दल एक खुलासा. २०२३ मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांसाठी बागायतीचं प्रमाणभूत, म्हणजे किमान, क्षेत्र १० गुंठे आणि जिरायतीचं २० गुंठे ठरलं. २०२५ मध्ये जुने तुकडे नियमित करण्याचा निर्णय झाला आणि तेव्हापासून एजंट 'तुकडेबंदी उठली' असं सांगत सुटलेत. ती सवलत ठराविक हद्दीतल्या, आधीच होऊन गेलेल्या व्यवहारांसाठी आहे. उद्या आखायच्या प्लॉटांना ती लागू आहे असं कोणी म्हटलं तर तहसील कार्यालयात गट नंबर घेऊन जा आणि विचारा.

इतर अधिकार. इथे काय दिसलं तर थांबायचं:

- बँक किंवा सोसायटीचा बोजा
- कुळाचं नाव
- 'खाजगी वन', वनखात्याचा कसलाही उल्लेख
- देवस्थान, वतन, इनाम, गायरान, पुनर्वसन
- भूसंपादनाची नोंद
- न्यायालयाचा मनाई हुकूम
- खातेदार आदिवासी असल्याची नोंद (अशी जमीन बिगर-आदिवासीला सरकारी मंजुरीशिवाय विकता येत नाही)

प्रलंबित फेरफार. फेरफार म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद. नव्या नमुन्याच्या सातबाऱ्यावर ही ओळ खाली असते. तिथे 'नाही' असायला हवं. 'आहे' असेल तर आधीच कोणाला तरी विकलेलं असू शकतं आणि नोंद व्हायची बाकी असेल.

## टप्पा ३: विकणारा कोण आणि त्याला विकण्याचा हक्क कुठून आला

सातबाऱ्यावर शेतकऱ्याचं नाव, ब्रोशरवर कंपनीचं. मधला धागा कोणता, तो कागद मागा. तिथे सहसा तीनपैकी एक निघतो.

नोंदणीकृत विकसन करार आणि कुलमुखत्यारपत्र (मालकाच्या वतीने व्यवहार करण्याचा लेखी अधिकार): चालेल, पण त्यात विक्रीचा अधिकार स्पष्ट हवा आणि मुखत्यारपत्र देणारा हयात हवा. देणारा वारला की साधं मुखत्यारपत्र संपतं.

नोंदणीकृत साठेखत: कंपनीने स्वतः अजून जमीन घेतलेलीच नाही, घेण्याचा नुसता करार केलाय.

नोटरी केलेला कागद: काही नाही. अक्षरशः काही नाही. नोटरी सही कोणाची ते सांगतो, जमीन कोणाची ते नाही. नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट सांगितलंय.

मग फेरफार वाचा. सातबाऱ्यावर प्रत्येक नावाशेजारी फेरफार क्रमांक असतो, तो घेऊन मागे मागे जा. वारसनोंदीत बहिणींची नावं आली आहेत का हे आवर्जून बघा. भावांनी परस्पर विकलेली जमीन आणि पाच वर्षांनी आलेली बहिणीची नोटीस, ही केस माझ्या टेबलावर जितक्या वेळा आलीय तितकी दुसरी कुठलीच नाही.

> सावधान: तुम्ही शेतकरी नसाल तर शेतजमीन तुमच्या नावावर होत नाही, हा महाराष्ट्रातला सर्वसाधारण नियम आहे. 'शेतकरी दाखला आम्ही करून देतो' हे आमिष नाही, गुन्ह्यात भागीदारीचं आमंत्रण आहे. परदेशी असलेल्या मुलांनी, भावांनी लक्षात ठेवावं: अनिवासी भारतीयांना शेतजमीन, मळा किंवा फार्म हाऊस विकत घेता येत नाही. वारसाने मिळाली तर गोष्ट वेगळी. दुबईच्या हॉटेलात भरलेल्या प्रदर्शनात 'फार्म प्लॉट' बुक करण्याआधी एवढं पुरे.

## टप्पा ४: महारेरा

क्षेत्र ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त असेल तर प्लॉटिंगलाही नोंदणी लागते. पाच गुंठे म्हणजे जवळपास ५०६ चौरस मीटर, त्यामुळे 'आमचा प्रोजेक्ट छोटा आहे' ही सबब फार ठिकाणी टिकत नाही.

दुसरी सबब जास्त हुशार असते: "ही शेतजमीन आहे, रेरा लागतच नाही." बरोबर. पण मग तिथे बंगल्याचे प्लॉट पाडून विकताही येत नाहीत. एकाच दमात 'रेरा लागत नाही' आणि 'बंगला बांधा' म्हणणाऱ्याला या दोन वाक्यांमधला अर्थ विचारा, आणि तो कसा विषय बदलतो ते बघा.

क्रमांक मिळाला तर:

1. महारेराच्या संकेतस्थळावर तो स्वतः टाका. जाहिरातीवरचा क्यूआर कोड स्कॅन करा. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत तो देणं सक्तीचं आहे.
2. प्रकल्पाचं नाव, गाव आणि गट नंबर तुमच्या सातबाऱ्याशी जुळवा. फेज १ चा नंबर दाखवून फेज ३ चे प्लॉट विकणं ही नेहमीची चलाखी आहे.
3. नोंदणीची मुदत संपलीय का, प्रकल्प स्थगितीत टाकलाय का ते बघा.
4. टायटल रिपोर्ट, मंजूर लेआउट, बोजा आणि चालू दाव्यांची माहिती तिथेच असते. डाउनलोड करून ठेवा.
5. एजंटचाही नोंदणी क्रमांक विचारा.

लेआउट बघताना शब्द नीट वाचा. 'तात्पुरता' आणि 'अंतिम' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. 'एनए (बिनशेती) होणार', 'एनए प्रोसेसमध्ये', 'एनए टायटल क्लिअर' यातला एकही शब्द आदेश नव्हे. बिनशेतीच्या प्रक्रियेत सरकार वेळोवेळी बदल करत आलंय, पण नियोजन प्राधिकरणाने मंजूर केलेला, सही-शिक्क्याचा लेआउट आणि झोन दाखला (जमीन कोणत्या वापराच्या पट्ट्यात येते ते सांगणारा) हे दोन कागद मागायचेच. हरित पट्टा असेल तर ब्रोशरमधला स्विमिंग पूल ब्रोशरमध्येच राहणार. गोव्यात घेत असाल तर सातबाऱ्याऐवजी एक-चौदाचा उतारा आणि बिनशेतीची सनद.

## टप्पा ५: आता साइटवर जा, पण त्यांच्या बसने नाही

आठवड्याच्या मधल्या दिवशी जा. मांडव नसेल, माइक नसेल. महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावरून गटाचा नकाशा काढून सोबत न्या.

रस्ता बघा. खडी टाकलेला रस्ता कोणाच्या गटातून येतो? नकाशावर तो दिसतो का? शेजारच्या शेतकऱ्याने आज येऊ दिलं, उद्या बांधावर दगड टाकले, तर तुमचा प्लॉट म्हणजे विमानातून उतरायची जागा.

मग गावात जा. चहाच्या टपरीवर थांबा आणि सहज विचारा, ही जमीन कोणाची? मी जे कागदांतून आठ दिवसांत शोधतो ते गावात कधीकधी एका कटिंगमध्ये कळतं: "ती होय? भावकीत भांडण चालू आहे की तिच्यावर." तलाठी कार्यालयातही जाऊन या.

## टप्पा ६: वकील तुमचा हवा

'आमच्या वकिलांचा सर्च रिपोर्ट आहे ना' हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. त्यांचा वकील त्यांचा असतो. तुमच्या वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च घ्या आणि स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. ऑनलाइन ई-सर्चवर फार जुने दस्त सापडतीलच असं नाही, त्यासाठी माणूस कार्यालयात जावा लागतो. याचा खर्च प्लॉटच्या किमतीच्या मानाने किरकोळ असतो, आणि लोक नेमका तोच वाचवतात.

## टप्पा ७: पैसे

आता टोकन. त्याआधी नाही.

1. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने देण्याघेण्यावर आयकर कायद्यात बंदी आहे. 'थोडं कॅश, थोडं चेक' मान्य केलंत तर कॅशचा भाग तुम्ही दिलाच नाही असं समजून चाला.
2. चेक किंवा ट्रान्सफर ज्याच्या नावे करता ते नाव आणि लिहून देणाऱ्याचं नाव एकच हवं. एजंटच्या, 'मार्केटिंग कंपनी'च्या खात्यावर नाही. रेरा प्रकल्प असेल तर संकेतस्थळावर दिलेल्या खात्यातच.
3. विसार पावतीवर, म्हणजे टोकनच्या पावतीवर, गट नंबर, क्षेत्र, प्लॉट नंबर, चतुःसीमा, एकूण किंमत आणि कागद सदोष निघाले तर किती दिवसांत पैसे परत, हे लिहून घ्या.
4. रेरा प्रकल्पात नोंदणीकृत विक्री कराराआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. '३० टक्के भरा, मग ॲग्रीमेंट' म्हणजे कायदा मोडला जातोय, आणि तोही तुमच्या पैशाने.
5. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर १ टक्का टीडीएस (विकणाऱ्याच्या रकमेतून कापायचा आयकर) तुम्ही कापून भरायचा.

> सावधान: पावतीवर 'पैकी' हा शब्द शोधा.

या शब्दाबद्दल थोडं सांगायला हवं. एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर काका माझ्याकडे आले होते. फाइल देखणी, वर सोनेरी अक्षरं, आत होलोग्राम लावलेलं प्रमाणपत्र, आणि काकांचा प्लॉटच्या पाटीशेजारी उभा राहून काढलेला फोटो. खाली वर्णन: 'गट नंबर अमुक पैकी क्षेत्र १ गुंठा.' पूर्वेस, पश्चिमेस, दक्षिणेस, उत्तरेस, चारही रकाने कोरे.

"काका, तुमचा गुंठा नेमका कुठला?"

"म्हणजे काय? पाटी होती की."

"कागदावर कुठे आहे?"

काकांनी चष्मा पुसला, फाइल स्वतःकडे ओढून घेतली आणि पानं उलटत राहिले. चार एकरांचा गट होता, म्हणजे १६० गुंठे. त्यातला कुठलाही एक त्यांचा, आणि म्हणून कुठलाच नाही. त्यांच्या फंडाचे ९ लाख 'पैकी' या एका शब्दात गेले होते. चतुःसीमा कोऱ्या असतील तर सही करायची नाही, मग समोरचा कितीही गोड बोलू दे.

## टप्पा ८: खरेदीखत आणि त्यानंतर

खरेदीखताचा मसुदा आदल्या दिवशी नाही, निदान आठवडाभर आधी मागा. निबंधकासमोर मूळ मालक किंवा नोंदणीकृत मुखत्यार स्वतः हजर हवा. सगळे वारस संमती देणार म्हणून सहीला हवेत.

नोंदणी झाली की लोक पेढे वाटून मोकळे होतात. काम अजून बाकी आहे: सूची क्रमांक २ ची (नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा) प्रत घ्या, फेरफाराची नोंद 'आपली चावडी' या सरकारी संकेतस्थळावर दिसते का बघा, ती मंजूर होऊन सातबाऱ्यावर नाव येईपर्यंत पाठपुरावा करा, आणि भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून हद्दीचे दगड रोवून घ्या. फक्कीची रेघ पहिल्या पावसात जाते.

## पैसे आधीच दिले असतील तर

पुढचा हप्ता आजच थांबवा. 'उरलेले भरले तरच आधीचे मिळतील' ही धमकी प्रत्येक बुडत्या स्कीममध्ये ऐकू येते.

मूळ पावत्या, प्रमाणपत्रं कोणालाही परत देऊ नका. 'नूतनीकरणासाठी जमा करा' म्हणतील, झेरॉक्स द्या. पीएसीएलच्या परताव्यासाठी दावा करतानाही प्रमाणपत्र आणि पावत्याच लागल्या. बँकेचं स्टेटमेंट, व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश, ब्रोशर, जाहिरातीचा स्क्रीनशॉट तारीखवार लावून ठेवा.

मग वकिलामार्फत नोटीस. प्रकल्प रेरात असेल किंवा असायला हवा होता, तर महारेराकडे तक्रार. ठरलेला परतावा कबूल करून पैसे घेतले असतील तर आर्थिक गुन्हे शाखेत जा आणि १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा, म्हणजे एमपीआयडी, लावण्याची मागणी अर्जात लिहा. या कायद्यात मालमत्ता जप्त करून ठेवीदारांना वाटप करण्याची सोय आहे. २०१९ च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्याचाही उल्लेख करा. एकट्याने गेलात तर 'हा दिवाणी वाद आहे' असं सांगून परत पाठवतात. त्याच स्कीममधले दहा-पंधरा जण शोधा, प्रत्येकाचा तक्ता करा: नाव, तारीख, रक्कम, कोणाच्या खात्यावर. तो तक्ता अर्जाच्या पहिल्या पानाला जोडा आणि पोहोच घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका.